गहू आणि गुलाब : डॉ. बी. पी. पाल

ऑक्टोबर निम्मा सरला की नाशिकमध्ये गुलाबांच्या छाटणीला सुरुवात होते. पावसाळ्यात रोगट आणि लांबट झालेल्या फांद्या उतरवल्या जातात, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना थोडे ऊन दाखवले जाते, शेणखत आणि निंबोळी पेंड घालून आळी पुन्हा भरली जातात. मग साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी, थंडी रंगात येत असताना, पहिला बहर येतो. मोगल अमदानीत या शहराचे नाव गुलशनाबाद होते. गुलशन म्हणजे फुलबाग. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची, कोरडी हवा आणि निफाडकडून येणारा हिवाळ्यातील गारठा यांमुळे गुलाबाला हे शहर आजही मानवते.

मात्र इथल्या गच्च्यांवरील आणि बंगल्यांभोवतीच्या कुंड्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या वाचल्या, तर नावे निराळीच असतात. पीस, सुपर स्टार, क्रिमसन ग्लोरी, क्वीन एलिझाबेथ. फ्रान्स, जर्मनी, अमेरिका. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला एकच कळी, आणि मधोमध उंच राहून सावकाश उलगडणारे मोठे फूल, अशा ज्या गुलाबाला आपण हायब्रीड टी म्हणतो, तो जन्मानेच परदेशी. चीनमधून युरोपात गेलेला नाजूक ‘टी’ गुलाब आणि तिकडचा काटक बागगुलाब यांच्या संकरातून तो आला. फ्रान्समधील लियों शहरात गियो या रोपवाटिकाकाराने १८६७ मध्ये पुढे आणलेला ‘ला फ्रान्स’ हा या कुळाचा पहिला गुलाब मानला जातो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांमधून तो भारतात आला आणि येथील सुखवस्तू घरांनी तो उचलला. हा पाहुणा येथे जन्माला घालता येईल का, येथील उन्हात तग धरणारा हायब्रीड टी आपला आपल्याला तयार करता येईल का, हा प्रश्न स्वतंत्र भारतात ज्यांनी सर्वांत चिकाटीने धसास लावला, ते डॉ. बेंजामिन पिअरी पाल पेशाने गुलाबतज्ज्ञ नव्हते. ते गव्हाचे शास्त्रज्ञ होते. गुलाब हा त्यांचा घरचा उद्योग.

पाल यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबातील मुकंदपूर येथे झाला. वडील ब्रह्मदेशात सरकारी डॉक्टर असल्याने बालपण तिकडेच गेले. शाळा होती मेम्यो येथील सेंट मायकेल्स. मेम्यो हे मंडालेच्या पूर्वेला, शान पठाराच्या कडेवर वसलेले थंड हवेचे ठिकाण. मंडाले म्हटले की मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांचा तुरुंग आणि ‘गीतारहस्य’ आठवते. त्या उष्ण शहरातील इंग्रज अंमलदार उन्हाळ्यात ज्या डोंगरावर पळत, ते हे गाव. साहेबांचे बंगले आले म्हणजे बागा आल्या, आणि बागा आल्या म्हणजे गुलाब आलेच. चित्रे काढण्याचा आणि फुलझाडांचा असे दोन्ही नाद पाल यांना याच शाळेच्या दिवसांत लागले आणि शेवटपर्यंत सुटले नाहीत.

या गावाच्या भूगोलात एक योगायोग दडलेला आहे. गुलाबाची ‘रोझा जायगँटिया’ नावाची एक रानटी जात आहे. झाडांवर उंच चढणारी, तळहाताएवढ्या फिकट फुलांची. याच शान डोंगरांत हेन्री कॉलेट या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात ती टिपली, आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी चिनी ‘टी’ गुलाबांच्या पूर्वजांत तिला स्थान दिले. आपल्या मणिपूरच्या डोंगरांतही ती सापडते. ज्या हायब्रीड टी गुलाबाला आपण युरोपीय म्हणतो, त्याच्या आजोळचा एक धागा असा भारत-ब्रह्मदेशाच्या डोंगरातून येतो. पाल ज्या शाळेत शिकले, तिच्या मागचे डोंगर ते हेच.

पुढचे शिक्षण रंगून विद्यापीठात झाले. वनस्पतिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेऊन १९२९ मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे सर रोलंड बिफेन आणि फ्रँक एंगलडाऊ या गव्हाच्या नामांकित संशोधकांच्या हाताखाली त्यांनी काम केले. विषय होता गव्हातील संकरजोम. दोन भिन्न वाणांच्या संकरातून निघालेली पहिली पिढी आईबापांपेक्षा जोमदार का निघते, आणि तो जोम शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल का, याचा तो शोध होता. १९३३ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्यावर काही महिने त्यांनी ब्रह्मदेशात भातसंशोधन केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिहारमधील पुसा येथील इंपिरियल कृषी संशोधन संस्थेत ते रुजू झाले.

तीनच महिन्यांत, १५ जानेवारी १९३४ रोजी, बिहारचा भूकंप झाला. संस्थेची भव्य इमारत निकामी झाली. हेन्री फिप्स या अमेरिकी धनिकाच्या देणगीतून १९०५ मध्ये उभी राहिलेली ही संस्था १९३६ मध्ये दिल्लीला हलवण्यात आली. गाव मागे राहिले, नाव मात्र बरोबर आले. दिल्लीतला तो परिसर आजही ‘पुसा’ म्हणूनच ओळखला जातो. १९३७ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पाल संस्थेचे प्रमुख वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. १९५० मध्ये ते तिचे संचालक झाले आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांच्या गव्हाच्या कामाचे मोल निफाडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही. गव्हाचा खरा शत्रू तांबेरा. काळा, तपकिरी आणि पिवळा, असे त्याचे तीन प्रकार. प्रा. के. सी. मेहता यांच्या संशोधनाने हे दाखवून दिले होते की उन्हाळ्यात मैदानी प्रदेशात तांबेरा जळून जातो, पण थंड डोंगरांत टिकून राहतो आणि तेथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो. दक्षिणेत हे आश्रयस्थान निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत आहे, आणि तेथून उत्तरेकडे निघालेल्या बीजाणूंच्या वाटेतच महाराष्ट्राचा गहू उभा असतो. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने तांबेऱ्याविरुद्धच्या लढाईत आयुष्य वेचले ते यामुळेच. तेथील वाणांना पुढे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी अस्सल नाशिकची नावे मिळाली. याच लढाईची दिल्लीतील आघाडी पाल यांनी सांभाळली. एका प्रकारच्या तांबेऱ्याला दाद न देणारा वाण दुसऱ्या प्रकाराला बळी पडे. तिन्ही प्रतिकार एका वाणात गोळा करायचे म्हणजे संकरावर संकर, निवडीवर निवड. सुमारे दोन दशकांच्या खटपटीनंतर १९५४ मध्ये ‘एन. पी. ८०९’ हा वाण प्रसारित झाला. ‘एन. पी.’ म्हणजे न्यू पुसा. शेतात तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा तो वाण होता.

मधल्या काळात आणखीही बरेच झाले. १९४१ मध्ये भारतीय आनुवंशिकी व वनस्पती प्रजनन संस्थेची स्थापना झाली आणि तिच्या नियतकालिकाचे संपादन पाल यांनी पंचवीस वर्षे केले. १९५८ मध्ये पुसा संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हे सगळे त्यांच्या कारकिर्दीच्या नोंदीत सापडते. तिथे फारसे न सापडणारे काम घराच्या अंगणात चालले होते.

गव्हाचा संकर आणि गुलाबाचा संकर यांचे हत्यार एकच : बारीक चिमटा. फूल उमलण्याआधीच, त्याचा पराग त्याच्यावरच पडू नये म्हणून, पुंकेसर उपटून काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग कुंचल्याने किंवा बोटाच्या टोकाने स्त्रीकेसरावर लावायचा, वरून कागदी पिशवी बांधायची आणि आईबापांची नावे लिहिलेली चिठ्ठी दांड्याला अडकवायची. दिवसभर गव्हाच्या ओंबीवर जे केले, तेच संध्याकाळी किंवा रविवारी गुलाबाच्या कळीवर. पण पुढचा प्रवास अगदी भिन्न आहे, आणि पाल यांना गुलाबाने का बांधून ठेवले असावे, याचा उलगडा कदाचित या फरकातच आहे.

गव्हाचा संकर हा नुसता आरंभ असतो. पहिल्या पिढीतले गुण दुसऱ्या पिढीत विखुरतात. पुढे सहा-सात पिढ्या निवड करत गेल्यावर वाण स्थिर होतो आणि मग शेतकऱ्याच्या हाती जातो. गुलाबाचे तसे नाही. परागीकरणानंतर देठावर बोंड धरते, ते पिकायला सुमारे चार महिने लागतात. आतल्या बिया हट्टी असतात. पुष्कळशा रुजतच नाहीत. त्यांना काही आठवडे ओलसर गारठ्यात ठेवले तर उगवण सुधारते. पण एकदा रोप उगवले, की दीड-दोन महिन्यांतच त्या बोटभर रोपावर पहिले चिमुकले फूल येते, आणि ते फूल जगात त्यापूर्वी कोणी पाहिलेले नसते. ते आवडले तर त्या रोपाचा डोळा काढून रानगुलाबाच्या खुंटावर भरायचा. त्या एका डोळ्यापासून हजारो झाडे होतात आणि प्रत्येक झाड हुबेहूब पहिल्यासारखे. पिढ्यान्‌पिढ्या स्थिर करण्याची गरजच नाही. अर्थात शंभरांतली पंचाण्णव रोपे उपटून टाकण्याइतके मन घट्ट हवे. हौशी माणूस बहुधा इथेच हरतो. स्वतः वाढवलेले रोप त्याच्याने टाकवत नाही.

उपटून टाकताना पाल यांच्यासमोर कसोटी कोणती होती, हे त्यांच्या लेखनावरून आणि त्यांनी राखलेल्या वाणांवरून दिसते. परदेशातून आलेला हायब्रीड टी तिथल्या सौम्य उन्हाळ्यासाठी घडवलेला असतो. आपल्याकडे उन्हाचा तडाखा बसला की त्याची कळी घाईने उघडते, पाकळ्यांचा रंग विटतो, काळसर लाल गुलाबांच्या कडा करपतात. पिवळ्या गुलाबांचे दुखणे निराळे. १९०० साली फ्रान्समध्ये पेर्ने-ड्युशे यांनी ‘सोलेय दॉर’ हा गुलाब आणला आणि इराणी पिवळ्या गुलाबाचा तेजस्वी रंग बागगुलाबांत पहिल्यांदा उतरला. त्या रंगाबरोबर पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याचा दोषही त्या वंशात आला. नाशिकच्या पावसाळ्यात पिवळ्या गुलाबाची पाने सर्वांत आधी का गळतात, याचे उत्तर असे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका संकरात आहे. उत्तर भारतातील शेंडेमर हा आणखी एक वैरी. छाटलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली येते आणि कधी कधी सारे झाड घेऊन जाते. भुरीची ओळख तर द्राक्षाच्या गावाला करून द्यायला नको. या सर्वांतून निभावणारे, आपल्या हवेत जन्मलेले आणि आपल्या हवेतच पारखलेले गुलाब हवेत, असा पाल यांचा आग्रह होता. नवा वाण जिथे लावायचा, तिथेच तो निवडला गेला पाहिजे, हा गव्हाचा धडा त्यांनी गुलाबाला लावला, इतकाच त्याचा अर्थ.

त्यांचे गुलाब १९६० च्या दशकाच्या आरंभी जगासमोर येऊ लागले. १९६२ चा ‘रोझ शरबत’ हा त्यांतला लाडका. ‘ग्रूस अन टेप्लिट्झ’ या जुन्या सुवासिक लाल गुलाबाच्या वंशातला, गडद गुलाबी आणि घमघमणारा. हे नाव ठेवणाऱ्याला गुलकंद आणि सरबत यांच्या देशात सुवासाशिवाय गुलाब म्हणजे काय, हे पक्के ठाऊक असणार. त्या काळी युरोप-अमेरिकेतल्या निवडीत आकार, रंग आणि टिकाऊपणा यांना महत्त्व आले होते आणि सुगंध मागे पडत चालला होता. १९६३ मध्ये ‘दिल्ली प्रिन्सेस’ आला, १९६९ मध्ये ‘बंजारन’. हे दोन्ही झुपक्याने फुलणाऱ्या फ्लोरिबंडा वर्गातले. १९७१ मध्ये ‘पूर्णिमा’ आणि १९७७ मध्ये ‘राजा सुरेंद्रसिंह ऑफ नालागढ’ आले. सगळे मिळून त्यांच्या नावावर शंभरावर वाण आहेत. उच्चपदस्थ सरकारी अधिकाऱ्याच्या फावल्या वेळाचा हा हिशेब आहे.

या साऱ्या आयुष्यात एक वर्ष असे येते, की जिथे गहू आणि गुलाब समोरासमोर उभे राहतात. ते वर्ष १९६६.

पाल १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. देशाच्या साऱ्या शेतीसंशोधनाची सूत्रे त्यांच्या हाती आली, आणि नेमका त्याच वर्षी पाऊस फिरला. युद्ध नुकतेच संपले होते. ‘पीएल ४८०’ खालील अमेरिकी गव्हाच्या बोटी लागल्या तर रेशनवर धान्य, अशी अवस्था होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्री जेवण सोडण्याचे आवाहन केले, आपल्या बंगल्यासमोरची हिरवळ नांगरून तिथे गहू पेरला. महाराष्ट्रातील हॉटेले आणि खानावळीही सोमवारी रात्री बंद राहत, हे त्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. पुढच्या वर्षीही पाऊस रुसला. १९६६ मध्ये देशाला बाहेरून आणावे लागलेले धान्य एक कोटी टनांच्या घरात होते. त्याच वर्षी सुमारे अठरा हजार टन मेक्सिकन बुटक्या गव्हाचे बियाणे आयात करण्याचा निर्णय अमलात आला. एखाद्या देशाने एवढे परके बियाणे एकदम आणावे, असे त्यापूर्वी घडले नव्हते. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी तो राजकीय धोका पत्करला. नॉर्मन बोरलॉग आणि डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांची नावे या कथेत पुढे असतात आणि ते योग्यच आहे. पण ती रोपे ज्या संस्थेच्या शेतात पारखली गेली, ती पाल यांनी पंधरा वर्षे घडवलेली होती, आणि ज्या परिषदेने देशभर चाचण्या घेतल्या तिचे प्रमुख पाल होते.

याच १९६६ मध्ये त्यांची दोन पुस्तके परिषदेने प्रसिद्ध केली. एक ‘व्हीट’. दुसरे ‘द रोज इन इंडिया’.

अन्नाला मोताद झालेल्या देशात शेतीसंशोधनाचा सर्वोच्च अधिकारी गुलाबावर जाडजूड सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करतो, यात विसंगती वाटणे स्वाभाविक आहे. पंतप्रधान हिरवळीवर नांगर फिरवत होते, त्यानंतर वर्षही उलटले नव्हते. परंतु दोन्ही पुस्तके वर्षानुवर्षांच्या कामातून पिकलेली होती. दुष्काळ पाहून गुलाबाचे पुस्तक लिहायला कोणी बसलेले नव्हते, तसेच दुष्काळ पाहून ते दडपावे असेही त्यांना वाटले नाही. गव्हासाठी त्यांनी कुठे हात आखडता घेतला होता, असे त्यांचा टीकाकारही म्हणू शकला नसता. १९६४-६५ मध्ये सुमारे सव्वा कोटी टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये साडेसोळा कोटी क्विंटलच्या पुढे, म्हणजे एक कोटी पासष्ट लाख टनांवर गेले. अंगणातल्या गुलाबाने या कामातले काही हिरावून घेतले नाही. उलट रोज संध्याकाळी चिमटा हातात घेणारा हा प्रशासक कागदांच्या ढिगाऱ्यातही शास्त्रज्ञ राहिला, असे म्हणायला जागा आहे. महासंचालकपदावर पोहोचल्यावर स्वतःच्या हाताने संकर करणारे किती जण उरतात?

‘द रोज इन इंडिया’ हे भारतीय हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले गुलाबाचे पहिले सर्वांगीण पुस्तक ठरले. तोवर बागायतीची हौस असलेला भारतीय इंग्रजी पुस्तके वाचून वसंतात छाटणी करायला जाई, आणि फसे. कारण तिकडे बर्फ वितळल्यावर झाड जागे होते, तर आपल्याकडे पावसाळा संपल्यावर. लंडनच्या वेळापत्रकाने मार्चमध्ये छाटलेल्या गुलाबाला नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात कोवळी फूट काढावी लागते. तिचे काय होते, ते वेगळे सांगायला नको. छाटणी, खुंटाची निवड, खतपाणी, रोग, आणि घरच्या घरी संकर करण्याची रीत, हे सगळे त्यांनी या देशाच्या ऋतूंना धरून मांडले.

त्याच वर्षीची आणखी एक घटना या गुलाबांत उमटली आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून डॉ. होमी भाभा यांचा मृत्यू झाला. भाभा हेही विज्ञान, चित्रकला आणि बागा या तिन्हींत रमणारे होते. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचा परिसर आखताना इमारतींइतकाच विचार त्यांनी झाडांचा केला होता. १९६८ मध्ये पाल यांनी आपल्या एका मोठ्या, पांढऱ्या हायब्रीड टी गुलाबाला ‘डॉ. होमी भाभा’ असे नाव दिले. पांढऱ्या रंगाच्या भारतीय गुलाबांत तो अजूनही नावाजला जातो. एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याला वाहिलेली ही श्रद्धांजली दर हिवाळ्यात नव्याने फुलते. मुंबईकराच्या नावाचा हा गुलाब मुंबईच्या दमट हवेपेक्षा नाशिक-पुण्याच्या कोरड्या थंडीत अधिक खुलावा, हा हवेचा न्याय.

निवृत्ती १९७२ मध्ये आली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासदत्व दिले. पुढे पर्यावरण नियोजनाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. पद्मश्री आणि पद्मभूषण आधीच मिळाले होते, १९८७ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पाल अविवाहित होते. स्वभाव संकोची, बोलणे मोजके. घर, चित्रे आणि बाग हा त्यांचा संसार. रोज सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. बोगनवेलीचेही त्यांना वेड होते. तिचे नवे वाण त्यांनी काढले, तिच्यावर पुस्तक लिहिले. फुलणाऱ्या वेली आणि झुडपे यांच्यावरची त्यांची पुस्तके सामान्य वाचकासाठी होती. शेवटी शेवटी आपला गुलाबांचा मोठा संग्रह त्यांनी पुसा संस्थेकडे सोपवला.

त्याआधीच त्यांचा छंद संस्थेचा कार्यक्रम होऊन गेला होता. पुसाच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांत काढलेल्या गुलाबांची नावे वाचली तरी फरक कळतो : ‘भीम’, ‘मृणालिनी’, ‘रक्तगंधा’, ‘मोहिनी’, ‘अभिसारिका’, ‘जवाहर’. त्यांतला ‘मोहिनी’ चॉकलेटी रंगाचा. ‘अभिसारिका’ ही संकरातून नव्हे, तर ‘किस ऑफ फायर’ या परदेशी वाणात घडवून आणलेल्या उत्परिवर्तनातून आलेली, पाकळ्यांवर रेघा असलेली. एका वाणाला या शास्त्रज्ञांनी ‘डॉ. बी. पी. पाल’ असेच नाव दिले. डॉ. पाल यांचे १४ सप्टेंबर १९८९ रोजी निधन झाले. वय त्र्याऐंशी होते.

त्यांच्या मागे त्यांच्या गुलाबांचे काय झाले, ही गोष्ट तितकी सुखाची नाही. नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यातील मोहाडी, जानोरी परिसरात पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची शेती उभी राहिली. व्हॅलेंटाइन डेच्या आधी इथून खोक्याखोक्यांनी फुले जाऊ लागली. पण ती फुले हॉलंड-जर्मनीच्या पैदासकारांच्या वाणांची. त्यांची रोपे स्वामित्वशुल्क भरून आणावी लागतात. उघड्या शेतात वर्षानुवर्षे राज्य केले ते ‘ग्लॅडिएटर’ने, तोही परदेशी. बाजाराला लागते ते लांब दांड्याचे, प्रवासात न कोमेजणारे फूल. पाल यांनी अंगणात निवडलेले गुलाब अंगणासाठी होते. फुलदाणीपेक्षा झाडावर जास्त शोभणारे, वासासाठी वाकून हुंगायचे. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे घरची बाग, आणि घरच्या बागेला रोपे पुरवणाऱ्या रोपवाटिकांत आता बहुतेक कुंड्यांवर नावच नसते. लाल, पिवळा, दुरंगी, एवढ्यावर सौदा होतो. चिठ्ठी हरवली की वाण हरवतो. शंभरावर वाणांपैकी आज सहज मागून मिळतील, असे थोडेच उरले आहेत. जे आहेत ते संस्थांच्या संग्रहांत आणि जुन्या हौशी मंडळींच्या गच्च्यांवर. महापालिकेच्या पुष्पोत्सवात किंवा पुण्याच्या गुलाब प्रदर्शनात एखाद्या बाटलीत ‘रोझ शरबत’ किंवा ‘डॉ. होमी भाभा’ दिसला, तर तो कोणीतरी चिठ्ठी जपल्यामुळे.

वनस्पतींच्या वाणांना कायद्याचे संरक्षण देणारा अधिनियम भारतात २००१ मध्ये झाला. पाल तोवर बारा वर्षांपूर्वीच गेले होते आणि त्यांचे सारे गुलाब त्याआधीचे. त्यांच्यावर कोणाचे स्वामित्वशुल्क नाही. ज्याच्या अंगणात ‘रोझ शरबत’ आहे, त्याच्याकडून शेजाऱ्याने हिवाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, नुकतेच फूल गळलेली काडी मागून घ्यावी, पानाच्या बेचक्यातला फुगीर डोळा सालीसकट काढावा, रानगुलाबाच्या खुंटावर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा छेद देऊन त्यात बसवावा आणि पट्टीने घट्ट बांधावा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असेल तर कलम जगले. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. चिठ्ठी मात्र त्याच दिवशी लावावी.